पेस्तर पट्टी : दानधर्म आणि करमाफी यांच्या संबंधाचा एक मागोवा

पेशवाईतील इनामपत्रे ज्यांनी थोडीबहुत वाचली आहेत, त्यांना त्यांतील एक शब्दावली पाठ झालेली असते. देवस्थानास, मठास अथवा विद्वान ब्राह्मणास गाव किंवा जमीन दिली म्हणजे ती ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’ दिलेली असते. आणि पत्राच्या अखेरीस गावच्या मोकदमास व कमाविसदारास अशी आज्ञा असते की प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे, या पत्राची प्रत लिहून घेऊन मुख्य पत्र भोगवटियास परतोन देणे. हे शब्द इतके ठरीव आहेत की वाचणारा त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो, आणि दान कोणी, कोणास व कोणत्या साली दिले एवढेच टिपून घेतो. प्रस्तुत लेखात त्या ठरीव शब्दांपाशीच थोडे थांबावयाचे आहे.

‘हल्ली पट्टी’ म्हणजे आज चालू असलेले कर. ‘पेस्तर पट्टी’ म्हणजे पुढे जे बसतील ते. जो कर अद्याप कोणाच्या मनातही आलेला नाही त्याचीही माफी सरकार आज लिहून देत आहे. ‘खेरीज हक्कदार’ याचा अर्थ असा की, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे जे हक्क गावावर आहेत ते या दानात येत नाहीत. कारण ते सरकारचे नव्हेत, आणि जे आपले नव्हे ते सरकारला देता येत नाही. शेवटच्या आज्ञेचा रोख स्थानिक अंमलदारावर आहे : दरसाल नवा कागद मागून दान घेणाऱ्यास त्याने छळू नये. तीन ओळींच्या या मजकुरात दानधर्म आणि कर यांच्या संबंधातील जवळजवळ सर्व कठीण प्रश्न येऊन गेले आहेत. माफीचा भार कोणी सोसावयाचा, माफी कशासाठी द्यावयाची, आणि दिलेले वचन किती काळ टिकावयाचे, हे ते प्रश्न होत.

आपल्याकडे दानावरील करसूट हा विषय हिशेबनिसाचा व वकिलाचा समजला जातो, आणि दानपत्रे ही इतिहाससंशोधकाची समजली जातात. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. करमाफी हे स्वतःच एक दान आहे, आणि त्याचा दाता राज्य म्हणजेच इतर करदाते होत, ही गोष्ट जुन्या पत्रांत उघड लिहिलेली असे. आधुनिक कायद्यात ती ‘सूट’ या शब्दामागे झाकली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयावरील आजचे बहुतेक वाद त्या झाकलेल्या गोष्टीतून निघालेले आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत या व्यवहाराचे दोन प्राचीन नमुने एकमेकांपासून थोड्याच अंतरावर कोरलेले आढळतात. दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानाची नोंद आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले : २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने, व १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. ते लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ प्रमाणे वाटावयाचे. हिशेब पुरता जुळतो. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविला असल्याचेही सांगितले आहे. शाश्वत निधी, निश्चित हेतू, जाहीर नोंदणी ही आजच्या सार्वजनिक न्यासाची तिन्ही अंगे येथे दिसतात. मात्र राजाच्या कराचा येथे संबंध नाही. उषवदाताने दिले ते रोख धन.

तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीचे दान निराळ्या जातीचे आहे. राज्यवर्ष १८ मध्ये त्याने पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील प्रव्रजितांना दिले, आणि शेताबरोबर ‘परिहार’ दिले : त्यात राजपुरुषांनी शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, राष्ट्राच्या अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करू नये, व अन्य सर्व प्रकारच्या माफ्या त्यास असाव्या. राजाने आपला अधिकार मागे घेणे हेच येथे दानाचे सार आहे. परंतु याच लेण्यातील सहा वर्षांनंतरचा लेख अधिक बोलका आहे. राज्यवर्ष २४ मध्ये राजा व राजमाता गोवर्धनच्या अमात्यास कळवितात की, पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही. सबब नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने आता द्यावी. म्हणजे सर्व परिहार जागच्या जागी होते, पण ज्यावर कर बसावा असे पीकच नव्हते! माफीला मोल असते ते करपात्र उत्पन्न असेल तेव्हाच. हा मुद्दा प्राचीन भिक्षुसंघापुरता नाही. आजही देणगीवरील करसवलत ज्याचे उत्पन्न करपात्र आहे त्यालाच मिळते, आणि ज्याचा कराचा दर जितका चढा तितकी ती अधिक मिळते. यात्रेत दानपेटीत रुपया टाकणाऱ्या शेतमजुराच्या दानात सरकार काहीच भर घालीत नाही.

यादवकाळातील एका लेखाचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तो मराठीच्या अभ्यासकांना भाषेसाठी परिचित आहे, पण अर्थव्यवहारासाठी तो क्वचितच वाचला जातो. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. शके ११२८ चा निर्देश असलेल्या तेथील शिलालेखात निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्या मठास दिलेल्या दानाचा तपशील आहे, आणि त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावर ग्राहकाकडून राउळाला म्हणजे राजाला जो भाग मिळे तो मठास दिला. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जे मिळे ते ब्राह्मणांनी दिले. आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीपळी तेल ठरवून दिले. येथे राजाने नवा कर बसविला नाही व जुना उठविलाही नाही. ग्राहक पूर्वीइतकेच देत राहिला, फक्त ते राजाच्या कोठाराऐवजी ज्योतिषाच्या पाठशाळेत जाऊ लागले. राजाने आपले सोडले, ब्राह्मणांनी आपले सोडले, आणि कोणी काय सोडले ते दगडावर वेगवेगळे लिहून ठेवले. दानातील वाट्यांचा इतका स्वच्छ हिशेब पुढे सातशे वर्षांत फारसा आढळत नाही.

आता पुन्हा पेशवाईकडे वळू. सनदेतील भाषा शाश्वताची असली तरी व्यवहार तसा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. राज्यकर्ता बदलला की जुने दान चालू ठेवण्याबद्दल नवे पत्र करून घेण्याची धडपड सुरू होई; चिंचवडच्या देवसंस्थानासारख्या मोठ्या संस्थानाच्या दप्तरात निरनिराळ्या सत्तांचे कागद एकावर एक साठलेले दिसतात ते यामुळेच. वतनदारांच्या इनामांवर ‘इनामतिजाई’सारखी वसुलीही बसविली जाई. राज्याच्या दृष्टीने इनाम ही जमेतील कायमची तूट होती, आणि याची जाणीव रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट उमटली आहे. सेवेचे बक्षीस म्हणून भूमी वंशपरंपरेने तोडून देणे म्हणजे राज्यच हळूहळू कमी करणे होय, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. तरीही दान देणारा व माफी देणारा एकच आहे, आणि त्याने काय सोडले ते पत्रात लिहिलेले आहे, ही गोष्ट कायम राहते.

१८१८ मध्ये हे सर्व इंग्रजांच्या हाती आले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, वर्षासने व धर्मादाय चालू राहतील असे आश्वासन होते. आश्वासन राजकीय गरजेचे होते, पण एल्फिन्स्टनने ते बऱ्याच अंशी पाळलेही. पेशव्यांचा श्रावणमासातील दक्षिणासमारंभ, जो तळेगावच्या दाभाड्यांकडून पुण्यास आला होता, तो त्याने पूर्वीच्या प्रमाणात चालविला नाही. तथापि वार्षिक ५०,००० रुपयांची रक्कम राखून ठेवली. तिच्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आदींनी सरकारकडे अर्ज करून मागितले की, या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन म्हणून द्यावा. पुण्यात त्यावर मोठी खळबळ उडाली, आणि अखेर दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. या घटनेचे महत्त्व वाङ्मयेतिहासात पुष्कळ सांगितले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, धर्मादायाची रक्कम तीच राहिली, पण धर्म कशाला म्हणावयाचे याचा निवाडा आता अर्जदार, विरोधक व सरकारी कमिटी यांच्या झगड्यातून होऊ लागला. ‘वेदशास्त्रसंपन्न’ या एका शब्दात पूर्वी जे भागत असे ते आता भागेनासे झाले.

जमिनीच्या बाबतीत हा निवाडा अधिक कठोर रीतीने झाला. १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रात सुरू झालेल्या इनामचौकशीला १८५२ च्या ११ व्या कायद्याने विधिवत् रूप मिळाले. तोच आपल्या इतिहासातील इनाम कमिशन. इनामदाराने आपला हक्क कागदाने शाबीत करावा, न झाल्यास जमिनीवर पूर्ण आकार बसावा, हे त्याचे तत्त्व. ज्या देशात पत्राची प्रत घेऊन मूळ पत्र परत देण्याची आज्ञा असे, आणि ते मूळ पत्र घरातील पेटाऱ्यात वाळवीच्या स्वाधीन असे, तेथे हे तत्त्व किती घरे बसवू शकते हे सांगणे नलगे. १८५७ पूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनची गणना होते, ती उगीच नव्हे. मात्र एक अपवाद लक्षात घेण्यासारखा आहे : देवळे, मशिदी व तत्सम ज्या संस्थांच्या कायम स्वरूपाविषयी शंका नाही त्यांच्या जमिनी पुढे चालू ठेवाव्या, असा नियम त्याच कायद्याच्या परिशिष्टात होता. व्यक्तीचे इनाम संशयास्पद, संस्थेचे इनाम विश्वसनीय, असा हा भेद होता.

१८६३ चा मुंबईचा दुसरा कायदा याच भेदावर उभा आहे. इनाम कमिशनची न संपणारी चौकशी गुंडाळून सरकारने इनामदारांशी सरसकट तडजोड केली : आकाराच्या चौथाईइतकी जुडी द्यावी, नजराण्याचीही ठरीव रक्कम द्यावी, आणि जमीन चौकशीच्या भयातून कायमची मोकळी करून विकण्यालायक खाजगी मालमत्ता म्हणून भोगावी. धर्मादाय संस्थांच्या जमिनींना नजराणा लावला नाही. पण त्याबरोबर त्या जमिनी विक्रीने, बक्षिसाने वा मृत्युपत्राने संस्थेकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणार नाहीत असे बंधन घातले. सवलत दिली की बंधन येते, हा आधुनिक करकायद्याचा नियम महाराष्ट्रात प्रथम इतक्या स्पष्टपणे येथे दिसतो. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने या व्यवहाराची व्याख्याच करून टाकली. ज्या जमिनीचा महसूल घेण्याचा सरकारचा हक्क सर्वांशी वा अंशतः दुसऱ्याकडे गेला आहे ती जमीन ‘दुमाला’ होय. पाटणच्या शिलालेखात जे होते तेच कलमाच्या भाषेत पुन्हा आले : दिला गेला तो महसुलाचा हक्क.

त्याच १८६३ सालच्या मे महिन्यात इंग्लंडच्या पार्लमेंटात अर्थमंत्री ग्लॅड्स्टन याने धर्मादाय संस्थांची आयकरमाफी काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. इंग्लंडात ही माफी आयकराच्या जन्मापासून, म्हणजे १७९९ पासून, चालत आली होती. ग्लॅड्स्टनचा युक्तिवाद थोडक्यात असा : माफी म्हणजे सरकारी तिजोरीतून दिलेली देणगीच होय, इतर प्रत्येक देणगीचा हिशेब पार्लमेंट दरसाल तपासते, मग हीच एक डोळे मिटून का द्यावी? एका संस्थेचा कर माफ करणे म्हणजे तो दुसऱ्याच्या माथी मारणे, आणि तो दुसरा अनेकदा त्या संस्थेच्या आश्रितांपेक्षाही गरीब असतो. प्रस्तावाविरुद्ध मोठी शिष्टमंडळे उभी राहिली आणि तो मागे घ्यावा लागला. ग्लॅड्स्टन हरला, पण त्याच्या युक्तिवादाला सरळ उत्तर त्या वेळी मिळाले नाही, आणि त्यानंतरही समाधानकारक मिळाले आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ‘खेरीज हक्कदार’ लिहिणाऱ्या पेशव्यांच्या कारकुनाला मात्र हा युक्तिवाद सहज कळला असता.

हिंदुस्थानात आयकर १८६० मध्ये आला, मध्ये गेला, पुन्हा आला, आणि १८८६ च्या कायद्याने स्थिरावला. केवळ धार्मिक वा सार्वजनिक धर्मादाय कामी लावलेल्या मालमत्तेचे उत्पन्न या कायद्याने करातून वगळले. येथपासून व्यवहाराची घडी बदलते. पूर्वी सरकार स्वतः दान देत असे. आता दान देणार कोणी खाजगी गृहस्थ, आणि सरकार फक्त आपला वाटा घेणार नाही. दाता एक, माफी देणारा दुसरा. साहजिकच दुसऱ्याला विचारावे लागते की पहिल्याने केले ते खरोखर धर्मकृत्य आहे काय?

या प्रश्नाची अडचण १८९९ मध्ये मुंबईच्याच एका दाव्यात उघडी पडली. एका गृहस्थाने मृत्युपत्राने आपली मालमत्ता ‘धर्मा’साठी ठेविली होती. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने विल्सनचा कोश उघडून पाहिला. तेथे धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, कायदेशीर वा नैतिक कर्तव्य असे अर्थ सापडले. इतक्या विस्तीर्ण व अनिश्चित हेतूवर देखरेख करणे न्यायालयास शक्य नाही, सबब दान रद्द, असा निर्णय झाला. ज्या शब्दावर येथील दानसंस्था दोन हजार वर्षे चालली तो शब्द साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनास निरर्थक वाटला. निर्णय तर्कशुद्ध होता, हे नाकारता येत नाही. कोशातील शब्द आणि व्यापाऱ्याच्या चोपडीतील शब्द एकच नसतो, एवढेच कोशास ठाऊक नव्हते.

‘धर्मा’च्या जागी कायद्याने जी व्याख्या बसविली तिचा इतिहास रंजक आहे. इंग्लंडातील न्यायालये १६०१ च्या एलिझाबेथकालीन कायद्याच्या प्रस्तावनेतील यादीवर विसंबून असत. १८९१ च्या पेम्सेल दाव्यात लॉर्ड मॅक्नॉटन याने त्या यादीचे दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्मप्रसार व अन्य लोकोपयोगी कार्ये असे चार वर्ग पाडले. हिंदुस्थानात त्याच्या आदल्याच वर्षी, १८९० च्या धर्मादाय निधीविषयक कायद्यात, गरिबांस साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि ‘सर्वसाधारण लोकोपयोगाच्या अन्य कोणत्याही हेतूची अभिवृद्धी’ अशी व्याख्या आली होती. तीच पुढे १९२२ च्या आयकर कायद्याने उचलली. तिच्या शेवटच्या शब्दसमूहाने इंग्लिश कायद्यापेक्षा मोठे दार उघडले. त्यातून काय काय आत आले ते दोन दाव्यांवरून कळते. लाहोरचे ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र सरदार दयालसिंग मजिठिया यांनी मृत्युपत्राने न्यासाकडे सोपविले होते; प्रांतात सुशिक्षित लोकमताचे मुखपत्र चालविणे हा लोकोपयोगी हेतू होय, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये ठरविले. १९४४ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाचा मुंबईच्या आयकर आयुक्ताविरुद्धचा दावा त्याच न्यायासनापुढे गेला. सूत कातणाऱ्या व विणणाऱ्या गरिबांना काम देऊन खादी विकणाऱ्या या संघाचे उत्पन्न धर्मादाय म्हणून करमुक्त ठरले. साम्राज्याच्या न्यायासनाने चरख्याला करमाफी द्यावी, यातील गंमत त्या काळच्या वाचकांच्या ध्यानात आली असेलच.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. १९४८ च्या दुरुस्तीने आयकर कायद्यात १५-ब हे कलम आले आणि प्रथमच संस्थेच्या उत्पन्नाबरोबर दात्याच्या देणगीलाही सवलत मिळाली. १९६१ च्या कायद्यात तिला निराळे रूप मिळाले, व १९६८ पासून ती ८०-ग या कलमाच्या नावाने घरोघर परिचित झाली. १९५२ च्या मुंबईच्या कायद्याने वैयक्तिक इनामे नष्ट केली, तीही देवस्थान व धर्मादाय इनामे वगळून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा व्यक्ती व संस्था हा भेद नव्या राज्यानेही जसाच्या तसा पत्करला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण घटना १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील एका लहानशा स्पष्टीकरणात आहे. धर्म, धर्मादा, पुण्यकार्य वा पुण्यदान अशा हेतूंनी केलेली व्यवस्था केवळ हेतू अनिश्चित आहे एवढ्या कारणाने रद्द समजू नये, असे तेथे सांगितले आहे. १८९९ चा निर्णय मुंबई इलाख्यातून उद्भवला होता. एकावन्न वर्षांनी मुंबईच्याच विधिमंडळाने तो परतविला.

त्याच कायद्याने व्यापाऱ्यांच्या ‘धर्मादा’लाही जागा दिली. अडतीच्या पेढीवर मालाच्या पट्टीत हमाली, तोलाई यांच्या बरोबरीने धर्मादा म्हणून काही रक्कम ग्राहकाकडून घेण्याचा रिवाज सर्वत्र होता, आणि ती वेगळ्या खात्यावर जमा होई. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न की धर्माची ठेव? हाथरसच्या एका कापूस गिरणीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असा निर्णय दिला की, व्यापारी रिवाजात धर्मादा या शब्दाला निश्चित धर्मादाय अर्थ आहे, ही रक्कम घेतानाच त्या कामासाठी बांधलेली असते, आणि म्हणून ती व्यापारी प्राप्ती नव्हे. चोपडीने कोशावर मात केली. पाटणच्या बाजारात ग्राहकाकडून मठासाठी घेतला जाणारा भाग आणि हाथरसचा धर्मादा यांत पावणेआठशे वर्षांचे अंतर आहे. भेद एवढाच की, पहिला राजाने दिला होता, दुसरा बाजाराने आपणहून बसविला.

१९६१ च्या कायद्याने सवलतीबरोबर येणारी बंधने मात्र पुष्कळ वाढविली. उत्पन्न देशातच व धर्मादाय कामीच खर्ची पडले पाहिजे. त्यापैकी ठरावीक हिस्साच, जो पूर्वी शेकडा २५ होता व २००२ नंतर १५ झाला, विनाशर्त शिल्लक टाकता येतो. संस्थापकाच्या नातलगांस लाभ होता कामा नये. या अटी उघडच योग्य आहेत. १३ व्या कलमातील एक अट मात्र अधिक विचार करावयास लावते. कायदा अमलात आल्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास जर एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या वा जातीच्या हितासाठी असेल तर त्यास सूट नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांपुरता अपवाद आहे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा समाजांसाठी जी विद्यार्थी वसतिगृहे निघाली, ती याच अटीच्या कसोटीवर आज नव्याने लावली तर त्यांतील काही टिकणार नाहीत. कायदा मागे पाहत नाही म्हणून जुन्या संस्था सुटल्या. जातीच्या नावाने द्यावयाचे आणि त्यातून जात ओलांडणारी पिढी घडवावयाची, हा त्या काळचा व्यवहार होता. ज्या समाजात जात हेच वंचनेचे मोजमाप होते, तेथे दानही तेच मोजमाप वापरणार. समतेचे तत्त्व मानणाऱ्या राज्याने त्या दानात आपली भर घालावी काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. कायद्याने दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकास मान्य आहे. ते सोपे आहे असे मात्र म्हणवत नाही.

लोकोपयोगाचे ते मोठे दारही हळूहळू अर्धे लोटले गेले. १९६१ मध्ये त्यास ‘नफ्यासाठी चालविलेला उद्योग ज्यात नाही’ अशी शब्दांची अडसर लागली. हुबळीच्या लोकशिक्षण ट्रस्टची वृत्तपत्रे ट्रिब्यूनच्याच वाटेने आत येऊ पाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्यांना बाहेर ठेविले. १९७९ मध्ये सुरतेच्या रेशीम व्यवसायिकांच्या संघाला मात्र आत घेतले. १९८४ पासून ती अडसर काढली गेली आणि २००९ पासून व्यापारसदृश व्यवहाराविरुद्ध दुसरी बसली. २०२२ मध्ये न्यायालयाने तिचा अर्थ पुष्कळसा कडक लाविला. आज चरखा संघाचा दावा नव्याने आला तर दारिद्र्यनिवारण या पहिल्या दारानेच त्याला आत यावे लागेल.

राहिली वचनाच्या मुदतीची गोष्ट. एकदा नोंदणी झाली की ती चालू राहते, अशी १९६१ च्या कायद्याखालील दीर्घकाळची पद्धत होती. २०२० च्या वित्त कायद्याने ती बदलली, आणि १ एप्रिल २०२१ पासून सर्व जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करून घ्यावी लागली, तीही पाच वर्षांच्या मुदतीची. त्याच सुमारास देणगीदारांची नावनिशीवार यादी दरसाल सादर करण्याचे बंधन संस्थांवर आले. गुप्तदानावर तर २००६ सालीच नियंत्रण आले होते : धर्मादाय संस्थेस मिळालेल्या निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर शेकडा ३० कर बसतो, केवळ धार्मिक स्वरूपाच्या संस्था यातून वगळल्या आहेत. उजव्या हाताचे दान डाव्या हातास न कळविण्याची ज्यांना सवय आहे त्यांना देवळाच्या पेटीत अजून ती पाळता येते, रुग्णालयाच्या पेटीत एका मर्यादेपर्यंतच. काळा पैसा दानाच्या नावाने पांढरा करण्याचे प्रकार पाहता हा नियम अनाठायी म्हणता येणार नाही. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने जी नवी करपद्धती सर्वसाधारण म्हणून ठरविली, तिच्यात ८०-ग ची वजावटच नाही. म्हणजे जो दाता ती पद्धती स्वीकारतो त्याच्या दानातून राज्य आपला हात पूर्णपणे काढून घेते; तो उषवदाताप्रमाणे केवळ स्वतःचे देतो.

‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ या आज्ञेचा आजचा अवशेष शोधावयाचा तर तो २०२५ च्या वित्त कायद्यात सापडतो. ज्या संस्थेचे उत्पन्न आधीच्या दोन वर्षांत प्रत्येकी पाच कोटी रुपयांच्या आत आहे, तिच्या नोंदणीची मुदत त्याने पाचाऐवजी दहा वर्षांची केली. त्याच साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्याने १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून घ्यावी असे ठरले. त्यात या संस्थांसाठी ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ असे एकच नाव योजिले आहे.